चपट्या तोंडाची कुत्री आणि शस्त्रक्रियेनंतरची रात्र



या मालेच्या कार्यवाहांनी मला फोनवरून व्याख्यानाचा विषय विचारला. मी सांगितले, "शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला होणारी मळमळ आणि ओकारी." पलीकडून क्षणभर काही आवाज आला नाही. मग ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "डॉक्टर, आपले श्रोते बहुतेक जेवून येतात हो." त्यांना मी शब्द दिला आहे, की कोणाच्याही पोटातले ढवळणार नाही. तो पाळण्याचा प्रयत्न करतो.

ज्या मंडपात संतवाङ्मयावर आणि अर्थशास्त्रावर व्याख्याने होतात, तेथे जनावरांच्या डॉक्टराने हा विषय का आणावा? कारण हा विषय आता आपल्या घरात येऊन बसला आहे. २००३ च्या सुमारास एका मोबाईल फोन कंपनीची जाहिरात आपण सर्वांनी पाहिली. एक लहान मुलगा आणि त्याच्या मागोमाग जाणारा तो वाटोळ्या डोळ्यांचा, सुरकुतल्या कपाळाचा पग. पुढे तसलेच कुत्रे हवे म्हणून पोरांनी हट्ट धरला आणि आईबापांनी तो पुरवला. पगच्या मागोमाग फ्रेंच बुलडॉग आला, शित्झू आला. कुत्रे आणताना त्याचा रंग विचारला, किंमत विचारली. त्याचे नाक कसे आहे, हे मात्र विचारावे असे फारसे कोणाला वाटले नाही. तो प्रश्न पुढे आमच्या टेबलावर येतो.

माझ्या टेबलावर तो पहिल्यांदा आला, तो ठमीच्या रूपाने. ठमी म्हणजे एका निवृत्त शिक्षकांच्या घरची पग कुत्री. घरात आजी होत्या. ठमीवर त्यांचा भारी जीव. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरली होती. सकाळी मास्तर तिला घेऊन आले. मी विचारले, "उपाशी आहे ना?" ते म्हणाले, "हो." शस्त्रक्रिया पाऊण तासात आटोपली, टाके सुरेख बसले. तिने घोट गिळल्यासारखे केले तशी घशातली नळी काढली, तिला कुशीवर निजवले आणि मी पुढच्या रुग्णाकडे वळलो. तासाभराने पाहतो तो तिच्या तोंडाखालच्या फडक्यावर तपकिरी पाण्याचा डाग. केव्हा पडला, कोणी पाहिले नव्हते. फडके बदलले. संध्याकाळी मास्तरांना सांगितले, "थोडे ओकली आहे, भुलीने होते तसे." तिसऱ्या दिवशी ती धापा टाकत परत आली. न्यूमोनिया झाला होता. चौथ्या दिवशी पहाटे ठमी गेली.

तेव्हा आजी दवाखान्यात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, मी सकाळी तिला वाटीभर दूध दिलं होतं हो. उपाशी कशी पाठवू? माझ्या दुधानं गेली का ती?" मी काही बोललो नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे कित्येक वर्षांनी नीट कळले. आजचे व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे, असे समजा.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ओकारी निराळी आणि गुळणी निराळी. तान्हे मूल दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर गुळणी टाकते, तिला कोणी आई ओकारी म्हणत नाही. ओकारीत आधी मळमळ असते. तोंडाला पाणी सुटते, कुत्रे ओठ चाटते, पुन्हा पुन्हा घोट गिळते, अस्वस्थ होऊन फिरते. मग पोटाचे स्नायू जोराने आवळतात आणि अन्न बाहेर पडते. ते एक कष्टाचे काम आहे आणि ते करताना शरीर श्वासनलिकेचे दार मिटून घेते. गुळणीला कष्ट नाहीत, आवाज नाही, सूचनाही नाही. जठरातले पाणी नुसते वर येते आणि तोंडातून ओघळते. जागे कुत्रे ते गिळून टाकील किंवा खोकून बाहेर काढील. अर्धवट शुद्धीतले कुत्रे दोन्ही करू शकत नाही. ते आम्लयुक्त पाणी श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते. ठमीच्या फडक्यावर होता तो गुळणीचा डाग. मी त्याला ओकारी म्हटले, आणि चूक तेथूनच पुढे गेली.

आता ही गुळणी चपट्या तोंडाच्या कुत्र्यांतच इतकी का? पूर्वी पगचे तोंड आजच्याइतके चपटे नव्हते. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचे चित्र काढले, त्यात त्याचा पग शेजारी बसला आहे. त्या पगला चांगले पुढे आलेले नाक आहे. पुढच्या काळात माणसाने आपल्या हौसेखातर पिढ्यान्‌पिढ्या आखूड नाकाचीच कुत्री निवडून त्यांची पैदास केली. कवटीचे हाड आखूड झाले, परंतु आतले मऊ भाग त्या मानाने आखूड झाले नाहीत. वाड्यातले बिऱ्हाड दोन खोल्यांत हलवले, पण भांडीकुंडी सगळी वाड्याचीच ठेवली, म्हणजे जे होईल तेच येथे झाले. नाकपुड्या चिंचोळ्या, मऊ टाळू लांबलेली आणि घशात लोंबणारी, जीभ जाड, काहींची श्वासनलिकाही अरुंद. झोपेत पग घोरतो त्याचे आपल्याला कौतुक वाटते. ते घोरणे म्हणजे अडलेला श्वास आहे.

श्वासाचा आणि पोटाचा संबंध काय, असे कोणी विचारील. शहाळ्याचे पाणी नळीने पिताना ती नळी बोटांनी चिमटून पाहा. पाणी येत नाही, पण गाल आत ओढले जातात. या कुत्र्यांच्या छातीत प्रत्येक श्वासाला हेच चालते. हवा पुरेशी येत नाही म्हणून छाती अधिक जोराने ओढते आणि त्या ओढीने जठरातला ऐवज वर अन्ननलिकेकडे खेचला जातो. कधीकधी जठराचा वरचा भागच पडद्याच्या छिद्रातून छातीत सरकतो. शिवाय धापा टाकताना हवा गिळली जाते, ती पोट फुगवते. फ्रान्समधील पशुवैद्यांनी २००५ साली श्वासाच्या तक्रारी असलेल्या ७३ चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दुर्बीण घालून पाहता त्यांतल्या बहुसंख्यांच्या अन्ननलिकेत, जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीस दोष सापडले. म्हणजे ज्याचे नाक अडले आहे त्याचे पोटही बहुधा बिघडलेले आहे, मालकाच्या ते ध्यानात आलेले असो वा नसो.

अशा कुत्र्याला भूल दिली म्हणजे काय होते? अन्ननलिका जठराला मिळते तेथे एक स्नायूंचे कडे असते. ते एरवी घट्ट मिटलेले असते. भुलीची बहुतेक औषधे ते कडे सैल करतात. वेदना थांबवण्यासाठी दिलेले मॉर्फिन आणखी मळमळ आणते आणि आतड्यांची चाल मंदावते. दार सैल, पोट फुगलेले, छातीची ओढ जोराची आणि शुद्ध हरपलेली. चारही गोष्टी एका वेळी जमतात.

हा धोका कुत्र्यांपुरता नाही. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ प्रसूतींचा आढावा घेतला. त्यांत ६६ स्त्रियांच्या फुप्फुसात भुलीखाली असताना जठरातला ऐवज उतरला होता. आम्ल फुप्फुसाला कसे भाजते, हे त्यांनी सशांवर प्रयोग करून दाखवले. माणसांच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्याचा जो दंडक आपण सारे जाणतो, त्याच्या कडकपणामागे या कामाचा मोठा हात आहे.

असो. रोग कळला, आता उपाय पाहू. उपायाचे तीन भाग आहेत: शस्त्रक्रियेच्या आधीचा, भूल चालू असतानाचा आणि नंतरचा.

आधीचा भाग उपासापासून सुरू होतो. उपास जितका लांब तितका चांगला, अशी आमची जुनी समजूत होती. ती तितकीशी खरी नाही. फार लांब उपासाने जठर कोरडे पडत नाही. त्यात आम्ल साचत राहते. थोडे मऊ अन्न तीन तास आधी दिल्याने फायदा होतो की तोटा, याविषयी साध्या तोंडाच्या कुत्र्यांवर जे अभ्यास झाले त्यांचा कौल एकमुखी नाही. अमेरिकेतील पशुरुग्णालयांच्या संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत निरोगी प्रौढ कुत्र्याला ४ ते ६ तासांचा उपास पुरेसा मानला आहे, आणि ज्याला गुळणीचा धोका आहे त्याला ६ ते १२ तासांचा. पगचा मालक दुसऱ्या वर्गात मोडतो, हे त्याने समजून असावे. पाणी किती वेळ आधी काढायचे, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. उन्हाळ्यात कुत्र्याला रात्रभर तहानलेले ठेवू नये.

येथे मी एक व्यवहाराची गोष्ट शिकलो. "उपाशी आहे ना?" हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचे उत्तर "हो" असेच येते. आता मी विचारतो, "काल रात्रीपासून घरातल्या कोणाकोणाच्या हातून तिच्या पोटात काय काय गेले?" मग आजीचे दूध निघते, नातवाचे बिस्कीट निघते, शेजारणीने दिलेला पोळीचा तुकडा निघतो. मी रागावत नाही. शस्त्रक्रिया चार तास पुढे ढकलतो किंवा दुसऱ्या दिवशी करतो. खरे सांगणाऱ्याला दवाखान्यात बोलणी खावी लागली, तर पुढच्या वेळी तो खोटे सांगेल.

आधीच्या भागात औषधेही येतात. ती तीन जातींची आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. मॅरोपिटंट हे औषध मेंदूतली ओकारीची चेतना अडवते. ते भुलीपूर्वी पुरेसे आधी दिले तर मॉर्फिनसारख्या औषधाने होणारी ओकारी टळते. परंतु गुळणीला मेंदूची आज्ञा लागतच नाही, त्यामुळे ती या औषधाने थांबत नाही. ओकारी झाली नाही म्हणून निर्धास्त होणे, हा या औषधाचा एक धोका आहे. दुसरी जात आम्ल कमी करणाऱ्यांची: ओमेप्राझोल, फॅमोटिडिन. वर आलेले पाणी त्यामुळे कमी जाळते. तिसरी जात जठराला पुढे चालना देणाऱ्यांची: मेटोक्लोप्रमाइड, सिसाप्राइड. कोणते, किती आणि केव्हा हे डॉक्टरांनी ठरवायचे. ही नावे ऐकून घरातली आपली गोळी कुत्र्याला देऊ नका. विशेषतः वेदनेवरच्या आपल्या गोळ्या, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, कुत्र्याला घातक ठरू शकतात.

भूल चालू असतानाचे काम डॉक्टरांचे आहे, तरी आपल्याला ते ठाऊक असावे. नळी घालण्यापूर्वी काही मिनिटे शुद्ध प्राणवायू द्यावा. नळीभोवतीचा फुगा नीट फुगवावा म्हणजे श्वासनलिकेचा मार्ग बंद राहतो. मॉर्फिनवरचा भार कमी करून शक्य तेथे जागा बधिर करणारे औषध वापरावे. वेदनेवरचे औषध मुळीच टाळावे असा मात्र याचा अर्थ नव्हे. कळवळणारे कुत्रे अधिक जोराने श्वास ओढते आणि मग तेच चक्र फिरते. शेवटी घशात दुर्बिणीचा दिवा टाकून पाहावे आणि पाणी साचले असल्यास ओढून काढावे.

खरी कसोटी नळी काढण्याच्या वेळी लागते. साध्या कुत्र्याने घोट गिळला की नळी काढतात. चपट्या तोंडाच्या कुत्र्याची ती त्यानंतरही राहू द्यावी. ते मान उचलून पाहू लागेपर्यंत, नळी चावू लागेपर्यंत. अनेक पग तोंडात नळी घेऊन शांतपणे बसून राहतात. आयुष्यात प्रथमच त्यांना मोकळा श्वास मिळालेला असतो! कुत्र्याला कुशीवर न निजवता पोटावर, छाती टेकवून ठेवावे, डोके किंचित उंच. आणि एक माणूस जवळ बसवावा. अमेरिकेतील एका पशुरुग्णालयाने श्वासमार्गाची शस्त्रक्रिया झालेल्या ८४ चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा हिशेब २०२० साली प्रसिद्ध केला. आधी मेटोक्लोप्रमाइड व फॅमोटिडिन, मॉर्फिनच्या जातीच्या औषधांचा काटकसरीने वापर आणि शुद्धीवर येताना अतिदक्षता विभागात देखरेख, असा एकच शिरस्ता त्यांनी घालून घेतला. त्यापूर्वी सुमारे एकतृतीयांश कुत्र्यांना शस्त्रक्रियेनंतर गुळणी होत असे. नंतर हे प्रमाण दहांत एकाच्याही खाली आले. यात नवे यंत्र नाही, नवा शोध नाही. ठाऊक असलेल्या गोष्टी दर वेळी, न चुकता केल्या, एवढेच.

आता तिसरा भाग, तो आपला. कुत्रे पुरते शुद्धीवर आल्याशिवाय घरी नेण्याची घाई करू नका. रात्रभर ठेवून घेतो असे डॉक्टर म्हणाले तर आनंदाने ठेवा. घरी आणल्यावर थंड, शांत जागा द्या. गळ्यात पट्टा बांधू नका. छातीभोवतीचा पट्टा वापरा. शुद्ध पुरती आली की पाणी चमच्या-चमच्याने, थोड्या थोड्या वेळाने द्यावे. वाडगे भरून पुढे ठेवू नये. ते पचले तर एरवीच्या चतुर्थांश मऊ अन्न द्यावे, तेही त्याने स्वतः मागितले तर. दूध, तूप, मटणाचा रस्सा त्या रात्री नको. पेंगणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात औषध किंवा पाणी ओतू नये. पाहुण्यांना आणि शेजारच्या मुलांना दोन दिवस थांबायला सांगावे. ते आले की कुत्रे नाचते, धापा टाकते, आणि धाप लागली की पोट वर येते.

आणि गुळणी आलीच तर? आपला पहिला हात त्याची मान वर उचलण्यासाठी जातो. तसे करू नका. तोंड खाली राहू द्या, पाणी बाहेर ओघळू द्या, फडक्याने तोंड पुसा. पाणी पाजू नका. घड्याळात वेळ पाहा आणि डॉक्टरांना फोन करा. "थोडेसेच आले" म्हणून सोडून देऊ नका. पुढचे तीन दिवस ते झोपलेले असताना मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा. निवांत झोपेत ते बहुधा ३० च्या आत असतात. आकडा चढत जातो, खोकला येतो, अंग तापते, खाणे सुटते, हिरड्या निळसर दिसतात, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. दोन-तीन आठवड्यांनी घास गिळताना अडू लागला, तर तेही कळवा. भुलीखाली कोणाच्या नकळत वर आलेल्या आम्लाने अन्ननलिका भाजते आणि पुढे व्रण आवळून ती अरुंद होते.

शस्त्रक्रिया ठरवताना डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारा. उपास नेमका किती तासांचा? मळमळ आणि गुळणी टाळण्यासाठी आधी काय देणार? नळी काढल्यावर तिच्याजवळ कोण बसणार? डॉक्टरांना राग येईल असे समजू नका. तिसरा प्रश्न मला त्या सकाळी कोणी विचारला असता, तर मी कोणाला तरी बसवले असते.

यावर कोणी म्हणेल, ही सारी मलमपट्टी झाली. जखम करणाऱ्या हाताचे काय? म्हणणे बरोबर आहे. नेदरलँड्समध्ये फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कायद्याने बंदी आहे आणि मुस्कट डोक्याच्या एकतृतीयांशाहून आखूड नसावे असे माप २०१९ पासून लावले जाते. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होवो. कुत्रे निवडताना नाकपुड्या उघड्या आहेत का, जिना चढल्यावर श्वास घरघरतो का, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. पण जो पग आज आपल्या घरी पायाशी घोरत पडला आहे, त्याने आपले नाक स्वतः निवडलेले नाही. त्याची काळजी घेणे हे आपले काम आहे.

राहिले आजींचे उत्तर. त्या आता नाहीत. पुढे एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांना म्हणालो, "आजी, दुधाचा दोष असलाच तर तो एक आणा. पंधरा आणे माझे. मी नीट विचारले नाही, नळी लवकर काढली, तिला कुशीवर निजवली, जवळ कोणी बसवले नाही आणि डाग पाहून गप्प राहिलो." त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाल्या, "पुढच्या कुत्र्यांशेजारी बसता ना आता?"

मी म्हटले, "बसतो."